डावखुऱ्याचा पहिला बरा चाकू: प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट

कारण आधी लिहून ठेवतो. काल खोक्यावरची टेप कापताना जुना घडीचा चाकू माझ्या बोटावर मिटला. पातं इतकं बोथट होतं की कातडीवर नुसता लाल वळ उठला. धार नव्हती म्हणून बोट वाचलं. पण धार नव्हती म्हणूनच मी एवढा जोर लावत होतो, हेही तितकंच खरं.

रात्री दिव्याखाली धरून पाहिला. लायनर लॉक आहे. म्हणजे पातं उघडलं की मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी स्प्रिंगसारखी सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकू देते. या चाकूत ती जेमतेम कडेला टेकत होती. पाठीवर जरा दाब आला की सटकायची. त्यापेक्षा मुळात लॉकच नसलेला चाकू परवडला, तिथे आपण निदान सावध तरी असतो. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पात्यावर फक्त ‘४४०’ कोरलंय.

तर प्रकल्प असा: रोज खिशात बाळगता येईल असा एक बरा चाकू निवडायचा. एकच. अट अशी की दोन आठवडे काहीही विकत घ्यायचं नाही, आणि तोवर जे जे कापलं ते वहीत लिहायचं.

ताईला सांगितलं तर म्हणाली, “तुला चाकू नकोय रे, तुला निवडत बसायचंय.”

४ ऑगस्ट

४४० म्हणजे काय ते शोधलं. ते एक पोलाद नाहीच, तीन भावंडं आहेत. ४४०ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४०बी मध्ये ०.७५ ते ०.९५ आणि ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२०. क्रोमियम तिन्हींत १६ ते १८ टक्के. ज्याने ४४०सी वापरलं तो ‘सी’ कोरायला विसरत नाही. नुसता आकडा कोरला असेल तर काय समजायचं ते समजावं. ‘सर्जिकल स्टील’ हा शब्दही त्याच जातीचा. ऐकायला भारदस्त, अर्थाला पोकळ.

आजचं काप: टेप २, दोरा १.

६ ऑगस्ट

निवडीच्या आधी कायदा. हे काम कंटाळवाणं आहे, पण उलट्या क्रमाने केलं तर घेतलेला चाकू ड्रॉवरमध्ये पडून राहायचा. नियम जागोजागी वेगळे असतात आणि बहुतेकदा तीन गोष्टींभोवती फिरतात: पात्याची लांबी, पातं उघडल्यावर लॉक होतं की नाही, आणि एका हाताने उघडतं की नाही. ब्रिटनमध्ये सबबीशिवाय जवळ बाळगता येतो तो फक्त घडीचा, लॉक नसलेला आणि धारेची लांबी ३ इंचांपेक्षा म्हणजे ७.६२ सेंमीपेक्षा जास्त नसलेला चाकू. एरवी लॉकचे चाकू बनवणाऱ्या कंपन्या काही नमुने मुद्दाम बिनलॉकचे का काढतात, याचा उलगडा इथे झाला.

माझ्या बाबतीत लॉकला आडकाठी नाही, लांबीला आहे. कामाच्या ठिकाणी विचारून घेतलं: चालेल, पण टेबलावर उघडा ठेवायचा नाही. विमानात हातातल्या सामानात न्यायचा नाही, हे कुणी सांगायला नको. तरी लिहून ठेवतो, कारण अशा गोष्टी तपासणीच्या रांगेत उभं राहिल्यावरच आठवतात.

१८ ऑगस्ट

दोन आठवड्यांचा हिशोब. एकूण ३८ वेळा काही ना काही कापलं.

खोक्यांवरची टेप १७. केबल टाय आणि सुतळी ७. सामानाला आवळलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या ४. कपड्यांचे लेबल, सुटलेले दोरे ४. पेन्सिल ३. फळ ३.

‘एका हाताने उघडावा लागला’ असा रकाना केला होता. त्यात ९ खुणा आहेत. दुसऱ्या हातात खोका, वायरींचा जुडगा किंवा शिडीची पायरी.

आणखी एक रकाना मी केला नव्हता, तो आपोआप उगवला: चाकूने करू नये ती कामं. दोनदा स्क्रू फिरवला, एकदा रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. पात्याचं टोक आधीच मोडलेलं होतं, म्हणजे ही सवय जुनी आहे. घडीच्या चाकूचं टोक कापण्यासाठी बारीक केलेलं असतं. बाजूने पीळ पडला की ते वाकत नाही, सरळ तुटतं. नवीन चाकू काहीही आला तरी डब्यासाठी स्क्रूड्रायव्हर शोधायचा.

पूर्ण पातं लागलं असं काम फक्त एक, सफरचंद मधोमध कापणं. बाकी सगळं धारेच्या पुढच्या दीड-दोन इंचांत. म्हणजे ६ ते ७ सेंमीचं पातं भरपूर झालं. मनात इतके दिवस दहा सेंमीचं पातं होतं, ते आज निकालात निघालं.

२२ ऑगस्ट

गेले चार दिवस पोलादात बुडालो आहे. ताई बरोबर बोलली होती का, असा संशय यायला लागलाय.

जेवढं कळलं ते. पोलादाकडून तीन गोष्टी हव्या असतात: धार लवकर झिजू नये, धक्का बसला तर तुकडा उडू नये आणि गंज चढू नये. तिन्ही एकाच वेळी भरपूर मिळत नाहीत. झीज रोखतात ती कार्बाइडं, म्हणजे कार्बनशी क्रोमियम किंवा व्हॅनेडियमसारखे धातू जुळून झालेले अतिशय कठीण कण. ती जितकी जास्त आणि जितकी मोठी, तितकी झीज कमी. पण तितकंच पातं ठिसूळ आणि धार लावायला चिवट.

डी२ हे जुनं हत्यारी पोलाद. कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा. बारा टक्के क्रोमियम म्हटल्यावर गंज चढू नये असं वाटतं. पण त्यातलं बरंचसं कार्बाइडांत अडकून पडतं आणि गंजाशी लढायला मोकळं उरतं ते थोडंच. म्हणून डी२चं पातं घाम लागून तसंच राहिलं तर ठिपके पडतात.

एस३०व्ही हे २००१ मध्ये खास चाकूंसाठी आलेलं. कार्बन १.४५ टक्के, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ४. वितळलेल्या धातूची आधी भुकटी करतात आणि ती दाबून पोलाद बनवतात, त्यामुळे कार्बाइडं बारीक आणि सारखी पसरलेली राहतात. मात्र व्हॅनेडियमची कार्बाइडं धार लावायच्या साध्या दगडातल्या अॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण असतात. त्याला डायमंडची प्लेट बरी.

१४सी२८एन याच्या दुसऱ्या टोकाला. कार्बन फक्त ०.६२ टक्के, क्रोमियम १४ आणि त्यात ०.११ टक्के नायट्रोजन. कार्बाइडं थोडी आणि बारीक. दगडावर पटकन धरतं, गंज जवळपास नाही. स्विस चाकूंचं पोलाद, १.४११०, याच वळणाचं, कठीणपणा ५६ रॉकवेलच्या आसपास. (रॉकवेल सी मोजणीत डायमंडचा शंकू १५० किलोच्या भाराने धातूत दाबतात आणि तो किती खोल गेला ते पाहतात.)

हे सगळं लिहून झाल्यावर माझ्या ३८ कापांकडे पुन्हा पाहिलं. यातल्या कुठल्या कापाला व्हॅनेडियम लागणार आहे? खोक्याचा पुठ्ठा धार खातो हे खरं, पण मी पुठ्ठा कापतच नाही, वरची टेप कापतो. टेपने धार झिजत नाही, पात्याला गोंद लागतो.

पोलादाचा रकाना बंद. गंज सोसणारं, नाव-गाव असलेलं आणि ज्याला पाणी चढवणाऱ्या कारखान्याचा लौकिक चांगला आहे असं कुठलंही चालेल. तेच पोलाद एकाने नीट तापवून विझवलं आणि दुसऱ्याने घाईत, तर पात्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि हा फरक पात्यावर कोरलेल्या आकड्यात दिसत नाही.

२४ ऑगस्ट

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात कामाचा.

जुन्या चाकूला दगडावर नीट धार लावली. कागद सरसर कापला जाईपर्यंत. मग सफरचंद घेतलं. पातं अर्ध्यावर गेलं आणि अडकलं. जोर दिला तर फळ कापलं न जाता फटकन उकललं, लाकूड फोडल्यासारखं. मग स्वयंपाकघरातली सोलायची छोटी सुरी घेतली. तिला महिनाभर कुणी धार लावलेली नाही, कागदावर अडखळते. सफरचंदातून मात्र लोण्यातून गेल्यासारखी गेली.

व्हर्नियर कॅलिपर काढला. धारेच्या लगेच वर, जिथे धारेचा उतार सुरू होतो तिथे, पात्याची जाडी मोजली. जुना चाकू ०.९ मिमी. सुरी ०.२५ मिमी.

म्हणजे भांडण पोलादाचं नव्हतंच, अंगाचं होतं. धार कापायला सुरुवात करते. पुढे जाताना मागचं अख्खं पातं त्या फटीतून ओढावं लागतं. कागदाला जाडी नसते म्हणून कागदाच्या परीक्षेत हे कळत नाही. चित्रफितींमध्ये चाकू घेऊन जो तो कागद का कापतो, हेही आज समजलं. सगळेच चाकू त्यात पास होतात.

दुकानात कॅलिपर घेऊन कोण उभं राहू देणार? पण यातून एक युक्ती सापडली. धारेच्या कडेला जी चकाकती पट्टी दिसते तिची रुंदी बघायची. धारेचा कोन दोन्ही पात्यांना एका बाजूने २० अंश धरला तर ०.९ मिमी जाडीला पट्टी सुमारे १.३ मिमी रुंद येते, ०.३ मिमीला ०.४५ च्या आसपास. म्हणजे चांगल्या फोटोतसुद्धा ओळखता येतं: पट्टी रुंद दिसली की पातं धारेमागे जाड. अर्थात कोन फारच निमुळता ठेवला असेल तर पट्टी रुंद दिसूनही पातं पातळ असू शकतं, पण घडीच्या चाकूंत असं क्वचित.

यादीतले दोन दणकट चाकू या एका युक्तीने कटले. फोटोत रुबाबदार होते. पट्टी मात्र नखाएवढी.

२७ ऑगस्ट

लॉक. इथे मी इतरांचे सल्ले नुसते वाचून गप्प बसू शकत नाही, कारण मी डावखुरा आहे आणि सल्ले देणारे बहुतेक उजवे.

लायनर लॉकची पट्टी उजव्या हाताच्या अंगठ्याने ढकलता येईल अशा बाजूला असते. डाव्या हातात ती तर्जनीने, बोट वाकडं करून ढकलावी लागते. जमतं, पण मिटत्या पात्याच्या वाटेत बोट घालूनच. हल्लीचा लायनर लॉक मायकल वॉकर या चाकू बनवणाऱ्याने घडवला. त्याच तत्त्वावर मुठीचीच एक बाजू कापून क्रिस रीव्हने सेबेन्झा नावाचा चाकू केला, त्याला आता फ्रेम लॉक म्हणतात. दोन्ही उत्तम, फक्त माझ्या हाताला उलटे.

ओपिनेल या लाकडी मुठीच्या फ्रेंच चाकूची पद्धत निराळी. मुठीच्या तोंडाशी फिरणारी पोलादी कडी. ती फिरवली की पात्याला मिटायला वाटच उरत नाही. चाकू १८९० पासूनचा, कडी १९५५ ची. डावं-उजवं असा प्रश्नच नाही. पण उघडायला दोन हात, कडी फिरवायला पुन्हा दोन हात.

बॅक लॉक म्हणजे मुठीच्या पाठीवरचा आडवा दांडा. त्याचा दात पात्याच्या खाचेत बसतो, पाठीवर दाबलं की सुटतो. १९६४ च्या बक ११० या चाकूने हा प्रकार घरोघरी नेला. मधोमध असल्यामुळे दोन्ही हातांना सारखा. उघड्या पात्यात वर-खाली किंचित हालचाल जाणवते, ती बहुतेक बॅक लॉकना असतेच.

बेंचमेड या चाकू कंपनीने १९९८ मध्ये आणलेला अॅक्सिस लॉक: मुठीत आडवी बसवलेली छोटी सळई, दोन्ही बाजूंनी ओढता येते. मिटताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. आता हा प्रकार इतर कारखानेही करतात. डावखुऱ्याला कागदावर सगळ्यात सोयीचा हाच.

आणि लॉक नसलेला, नुसत्या स्प्रिंगवर तोललेला स्विस पद्धतीचा. याच्या पात्यावर नखाची खाच असते, आणि ती खाच उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या सोयीने पात्याच्या डाव्या अंगाला कोरलेली. ओपिनेललाही तसंच. आयुष्यभर कात्रीशी भांडलो, आता खाचेशी.

३० ऑगस्ट

एका मित्राकडे चाकूंचा अख्खा ड्रॉवर आहे. त्याच्याकडून तीन उसने आणले. तो म्हणाला, “ने बिनधास्त, पण एक सांगतो, उचकटाउचकटी केलीस तर मैत्री संपली.” रंगाच्या डब्याबद्दल मी त्याला काही बोललो नाही.

१. ओपिनेल क्रमांक ८, कार्बन पोलादाचा. पातं ८.५ सेंमी, मूठ बीच लाकडाची.
२. व्हिक्टोरिनॉक्स कॅडेट. मिटल्यावर ८४ मिमी, अॅल्युमिनियमच्या खरखरीत बाजू.
३. स्पायडर्को डेलिका ४. पातं ७३ मिमी, पोलाद व्हीजी-१०, बॅक लॉक, नायलॉनची मूठ, खिशाला अडकवायची क्लिप.

अॅक्सिस लॉकचा त्याने दिला नाही. तो त्याच्या स्वतःच्या खिशात होता.

प्रत्येकी पाच दिवस.

४ सप्टेंबर

ओपिनेलचे पाच दिवस.

कापायला तिघांतला राजा. पातं पातळ, आणि पाठीपासून धारेपर्यंत हलकासा फुगवटा घेत निमुळतं होत गेलेलं. सफरचंद कापताना हाताला कळतही नाही. वजन इतकं कमी की दुपारी दोनदा खिसा चाचपून पाहिला.

दुसऱ्या दिवशी पावसात भिजलो. संध्याकाळी पातं उघडेना. लाकूड फुगलं आणि खाचेने पातं धरून ठेवलं. मित्राला फोन केला तर हसला आणि म्हणाला, “मुठीचं बूड टेबलावर आपट.” कडी मोकळी करून आपटल्यावर पातं बोटभर वर आलं. ओपिनेलच्या, म्हणजे फ्रान्समधल्या, सॅव्हॉय प्रांतात या आपटण्याला नाव आहे म्हणे, सॅव्हॉयकरांचा ठोका. म्हणजे पाऊस तिथेही पडतो.

फळ कापून पुसायला विसरलो, तर तासाभरात पात्यावर निळसर-करडा डाग. तो गंज नव्हे, पोलादाने घेतलेला रंग आहे, आणि पुढे थोडंफार रक्षणच करतो. काहींना तो आवडतो. मला आवडला, पण पुसायची आठवण ठेवणं मला जमणार नाही हेही कळलं. स्टेनलेस पात्याचा ओपिनेल मिळतो, त्याला ही कटकट नाही.

पाच दिवसांत दोनदा तोंडात वायर धरून दोन्ही हातांनी चाकू उघडला. बघणाऱ्याला कसं दिसलं असेल देव जाणे.

९ सप्टेंबर

कॅडेट.

व्हिक्टोरिनॉक्सचा कारखाना कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाखला काढला आणि अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी १८९७ ची. तेव्हापासून या घराण्याला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: माणूस पात्याचं टोक स्क्रूड्रायव्हर म्हणून वापरणारच. म्हणून त्यांनी शेजारी स्क्रूड्रायव्हरच देऊन टाकला. ओपनरच्या टोकाला चपटा स्क्रूड्रायव्हर, डबा उघडायच्या पात्याला छोटा. या आठवड्यात तीन स्क्रू फिरवले आणि एकदाही अपराधी वाटलं नाही.

आणखी एक निरीक्षण. कामाच्या ठिकाणी हा उघडला तर कुणी मान वर करून पाहत नाही. लोकांच्या नजरेत हा चाकू नाहीच, एक अवजार आहे. ही गोष्ट कुठल्याही तपशिलाच्या तक्त्यात नसते.

पण खाच. उजव्या हातात मूठ धरून डाव्या नखाने ओढायचं म्हटलं तर खाच आपल्याकडे नसते, पलीकडच्या अंगाला असते. नवा असेल तर स्प्रिंगही कडक. अंगठ्याचं नख दोनदा दुमडलं. उजव्यांना हे वाक्य समजणार नाही.

१४ सप्टेंबर

डेलिका.

पात्यात गोल भोक आहे, अंगठ्याने ढकलायला. भोकाला डावं-उजवं नसतं. भोक आणि खिशाची क्लिप या दोन्ही गोष्टी स्पायडर्कोने १९८१ मध्ये वर्कर नावाच्या चाकूत आणल्या, आणि आज खिशातल्या निम्म्या चाकूंना क्लिप असावी असं वाटतं. डेलिकाची क्लिप चार जागी बसवता येते. मित्राकडे ती उजवीकडे होती. तीन स्क्रू काढून डावीकडे लावली, आणि चाकू डाव्या खिशातून थेट उघडायच्या पकडीत हातात आला. हे पहिल्यांदा झालं तेव्हा, खरं सांगतो, मी पाच-सहा वेळा उगाचच काढला आणि ठेवला.

पातं पाठीपासून सपाट उतरत धारेपर्यंत येतं. चकाकती पट्टी बारीक. सफरचंदाच्या परीक्षेत ओपिनेलच्या खाली पण फार खाली नाही. पातं ७३ मिमी असलं तरी धार ६५ मिमीच आहे, बुडाशी आठेक मिमी बोथट. मिटताना बोट चुकून वाटेत राहिलं तर आधी हा बोथट भाग बोटाला लागतो. ३ ऑगस्टच्या नोंदीनंतर मला याचं महत्त्व कुणी पटवून द्यायला नको.

वाईट काय? हातात घेतल्यावर हलका आणि प्लास्टिकचा वाटतो. ताईने धरून पाहिला आणि विचारलं, “एवढा शोध घेतलास आणि हा?” शिवाय टक् असा आवाज होऊन उघडतो, तेव्हा शेजारचे बघतात. आता मी तो सावकाश उघडतो.

१५ सप्टेंबर

प्रामाणिकपणे एक तपासून पाहिलं. ऑगस्टमधल्या त्या ९ खुणा, एका हाताने उघडल्याच्या. पंधरा दिवस निरनिराळे चाकू बाळगल्यावर वाटतं, त्यातल्या पाच-सहा वेळा हातातली वस्तू सरळ खाली ठेवता आली असती. मी आळस केला आणि रकान्यात गरज म्हणून लिहिला. खरी गरज तीनदा, तिन्ही वेळा शिडीवर.

मी उजवा असतो तर इथेच थांबून कॅडेट घेतला असता. शिडीवरच्या तीन कापांसाठी स्क्रूड्रायव्हर सोडला नसता. पण डाव्या हाताला खाच रोजच नडते आणि भोक कधीच नडत नाही. निर्णय शिडीने नाही केला, नखाने केला.

डेलिका. सपाट उताराचं पातं, साधी सलग धार, दातेरी नको. दातेरी धार दोर छान कापते, पण मला दोर कापायचा नसतो आणि दाते घासायला वेगळी सळई लागते.

१९ सप्टेंबर

आला. खोका जुन्याच चाकूने उघडला, शेवटचं काम म्हणून.

तपासणी: मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध, कुठल्याही बाजूला घासत नाही. उघडून पातं डावीकडे-उजवीकडे हलवलं, काही नाही. वर-खाली अगदी पुसटसं, बॅक लॉकला चालतं. उघड्या पात्याच्या पाठीवर रबरी टोकाच्या हातोडीने हलके टोले मारले, बोटं लांब ठेवून. लॉक सुटला नाही. धारेची पट्टी दोन्ही बाजूंना जवळपास सारखी, टोकाकडे एका बाजूला जरा रुंद. दगडावर जाईल तेव्हा होईल सारखी.

क्लिप डावीकडे.

२ नोव्हेंबर

पहिली धार. पहिला फजितवाडा.

हजार नंबरच्या दगडावर दहा मिनिटं घासला आणि आधीपेक्षा बोथट झाला. कारण दोन. एक, मी दर दोन हातांनी बाजू बदलत होतो. एका बाजूने इतकं घासायचं असतं की पलीकडे धातूची सूक्ष्म किनार उठते, बोटाच्या पेराला आडवी लागते. कारखान्यात तिला बर म्हणतात. ती टोकापासून बुडापर्यंत सलग आल्याशिवाय बाजू बदलण्यात अर्थ नाही. दोन, कोन डगमगत होता आणि मी धार गोल करत होतो.

उपाय: धारेची पट्टी मार्करने काळी केली आणि एकच हात फिरवला. काळा फक्त वरच्या कडेचा पुसला गेला, म्हणजे मी पातं फारच आडवं धरत होतो. पाठ किती उचलायची याचं गणित सोपं आहे. पात्याची रुंदी २० मिमी धरली तर १५ अंशांना पाठ दगडापासून सुमारे ५ मिमी वर. तेवढ्या जाडीचा पुठ्ठ्याचा तुकडा सुरुवातीला मापाला शेजारी ठेवला.

व्हीजी-१० ची बर चिवट आहे. इकडून घासली की तिकडे वळते, तिकडून घासली की इकडे. शेवटी दाब कमी करत करत, नुसत्या पात्याच्या वजनावर एक इकडे एक तिकडे असे हात दिले, मग जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर दहा-बारा वेळा मागे ओढला. वर्तमानपत्राचा कागद आडवा धरून कापला. तो आवाज लिहिता येत नाही.

१३ डिसेंबर

आठवडाभर पुन्हा कापांची वही उघडली, फरक पडलाय का बघायला. २१ काप. टेप १२, टाय ४, बाकी किरकोळ. उचकटणं शून्य. स्क्रूड्रायव्हर आता टेबलाच्या खणात असतो, आणि तो शोधताना कॅडेटची आठवण येते.

बुडाकडची धार अजून जशीच्या तशी आहे, टोकाकडचे दोन सेंमी मंद झालेत. सगळ्या टेपा मी टोकानेच फाडतो. पुढच्या वेळी दगडावर सगळं पातं नाही, टोकच जास्त फिरवायचं, आणि टेपेला टोक खुपसण्याऐवजी पोटाची धार टेकवून ओढायची सवय लावायची. आतली वस्तूही वाचते. बिजागरीत खिशातला कापूस साचला होता, काडीने काढला, तेलाचा एक थेंब सोडला. गोंद स्पिरिटने निघतो.

संध्याकाळी ताईकडे एक मोठा खोका आला. कात्री सापडेना. “दे रे तो तुझा प्लास्टिकचा,” म्हणाली. उजव्या हाताने, पहिल्याच झटक्यात उघडला तिने. मिटताना मात्र थबकली, पाठीवरचा दांडा सापडेना, आणि अंगठा धारेच्या बाजूने शोधायला निघाला. हात धरून थांबवलं आणि दाखवलं कुठे दाबायचं.